ढाल घ्यायची की तलवार? सिनसिनाटीच्या एका ड्राफ्टची गोष्ट

आज फुटबॉलबद्दल बोलायचं आहे. पण गोव्यात, कोल्हापुरात किंवा कोलकात्यात जो जीव टाकून खेळतात, त्या फुटबॉलबद्दल नाही. आज अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि दर दहा सेकंदांनी थांबणारा खेळ. नियम माहीत नसतील तरी बिघडत नाही. लागतील तेवढे मी सांगत जाईन.

खरं तर आजचा विषय खेळ नाहीच, वाद आहे. आयपीएलचा लिलाव जवळ आला की आपल्याकडे काय होतं, आठवा. इंदूर असो, बडोदं असो, हैदराबाद असो, चार माणसं चहाला जमली की सुरू: "आपल्याला आधी शेवटच्या षटकांचा बोलर हवा." "छे, बोलर कुठेही मिळतील, आधी फिनिशर घ्या." अमेरिकेत हाच वाद दर वर्षी जानेवारीत सुरू होतो तो एप्रिलच्या शेवटी संपतो. संपतो म्हणजे काय, खेळाडू निवडले जातात. वाद पुढे कित्येक वर्षं चालतोच.

मी बेंगळुरूत राहतो. आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे गुरुवारची रात्र असते आणि ड्राफ्टची पहिली फेरी सुरू होते. गेली काही वर्षं मी ती न चुकता बघतो. अशा सगळ्या वादांमध्ये एक वाद मला फार शिकवून जाणारा वाटतो: २०२१ सालचा, सिनसिनाटी बेंगल्स या संघाचा. प्रश्न साधा होता. हातात पाचवा नंबर आहे, समोर दोन उत्तम खेळाडू आहेत, एक ढाल, एक तलवार. कुणाला घ्यायचं?

आधी ड्राफ्ट म्हणजे काय

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. कॉलेजात खेळून आलेले नवे खेळाडू या संघांमध्ये वाटले जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. कल्पना फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत आणि जिंकणारे संघच दर वर्षी चांगली पोरं उचलत होते, आणि बेल यांचा संघ हरत होता. म्हणून त्यांनी सुचवलं की जो संघ सगळ्यात वाईट खेळला, त्याने आधी निवडावं. विजेत्याने सगळ्यात शेवटी. आजही मूळ नियम हाच आहे. सात फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत साधारण याच क्रमाने निवड होते. संघ आपला नंबर दुसऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात दुसरे नंबर किंवा खेळाडू घेऊ शकतात.

आयपीएलशी तुलना केली तर दोन फरक लक्षात ठेवा. पहिला, इथे बोली लागत नाही. नंबर आला की नाव घ्यायचं, खेळाडू तुमचा. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला, त्यावर जवळजवळ ठरून गेलेला असतो. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याची मुभा संघाला असते. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असते, २०२१ साली ती १८ कोटी २५ लाख डॉलर होती. त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. म्हणजे चांगला नवा खेळाडू सापडला, तर चार-पाच वर्षं तो बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात खेळतो, आणि वाचलेल्या पैशांत तुम्ही दुसरीकडची भोकं बुजवू शकता. ड्राफ्टमधली खरी कमाई ही आहे.

आपल्याकडेही ड्राफ्ट झालेला आहे बरं का. इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीच्या काळात भारतीय खेळाडू अशाच पद्धतीने वाटले गेले. २०१७ चा ड्राफ्ट मुंबईत झाला. तेव्हा नव्यानेच आलेल्या जमशेदपूरने पहिलीच निवड केली ती अनस एदाथोडिका या बचावपटूची. गोल करणारा नाही, गोल अडवणारा. म्हणजे आधी ढाल की आधी तलवार हा प्रश्न आपल्या मैदानावरही येऊन गेला आहे.

सिनसिनाटीचा प्रश्न

सिनसिनाटी हे ओहायो नदीकाठचं शहर. तिथल्या बेंगल्सनी बाद फेरीतला शेवटचा सामना जिंकला होता तो जानेवारी १९९१ मध्ये. त्या दिवशी जन्मलेलं मूल २०२१ साली तिशीचं झालं होतं आणि त्याने आपल्या संघाला बाद फेरीत एकदाही जिंकताना पाहिलं नव्हतं. अशा शहरात चाहता होणं हा वारसा असतो. वडील सोसतात, मग मुलगा सोसतो.

२०२० च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सचा पहिला नंबर होता. त्यांनी जो बरो हा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू आणि हात दोन्ही. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्याकडे येतो. तो पास द्यायचा की कुणाच्या हातात सोपवायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो. बरो ओहायोतच वाढलेला, घरचा पोरगा. शहराला वाटलं, आता दिवस पालटले.

२२ नोव्हेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये सामना होता. बरोने पास टाकला आणि त्याच क्षणी समोरचे खेळाडू त्याच्या पायावर येऊन पडले. डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. गाडीवर घालून त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं. मोसम संपला. तोपर्यंतच्या दहा सामन्यांत त्याला ३२ वेळा सॅक केलं गेलं होतं. सॅक म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला मागच्या मागे जमिनीवर आपटणं.

संघाने मोसमात फक्त चार सामने जिंकले. त्यामुळे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा नंबर मिळाला. त्या वर्षी पहिले तीन संघ क्वार्टरबॅक घेणार हे दिसत होतं, आणि तसंच झालं. चौथ्या नंबरवर अटलांटाने काइल पिट्स घेतला. म्हणजे सिनसिनाटीसमोर दोन नावं उरली.

पहिलं नाव पेनेई सूअल. जन्म अमेरिकन सामोआतला, वजन दीडशे किलोच्या आसपास, ऑरेगन विद्यापीठाचा लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. त्यांच्या हाती चेंडू सहसा लागतच नाही. त्यांचं काम एकच, समोरच्याला अडवणं. या भिंतीच्या दोन टोकांना जे उभे राहतात ते टॅकल. उजव्या हाताने पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला वळलेली असते. तिकडून येणारा धोका त्याला दिसत नाही, म्हणून डाव्या टोकाच्या माणसाला विशेष मान.

दुसरं नाव जामार चेस. वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन पास झेलणारा. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघात तो बरोचाच साथीदार होता. त्या वर्षी त्या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले, आणि चेसने १,७८० यार्डांचे पास झेलून २० टचडाउन केले.

योगायोग बघा, दोघांनीही कोविडमुळे २०२० चा कॉलेज मोसम सोडून दिला होता. म्हणजे दोघांचाही ताजा खेळ कुणी पाहिलेला नव्हता.

ढालवाल्यांचं म्हणणं

ढालवाल्यांचा मुद्दा पहिल्याच वाक्यात पटतो. क्वार्टरबॅक जमिनीवर पडलेला असेल तर जगातला सर्वोत्तम रिसीव्हर तरी काय झेलणार?

त्यांच्या बाजूने इतिहास होता. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय लॉरेन्स टेलरच्या सॅकमध्ये मोडला. दूरचित्रवाणीवर लाखोंनी ते पाहिलं. थाइसमन पुन्हा खेळू शकला नाही. लेफ्ट टॅकलची किंमत का वाढली हे सांगताना मायकेल लुईस यांनी आपल्या २००६ च्या 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने केली.

दुसरा मुद्दा हिशेबाचा होता. रिसीव्हर दुसऱ्या फेरीतही चांगले मिळतात. पुरावा त्यांच्याच घरात होता. बेंगल्सनी २०२० मध्ये ३३ व्या नंबरवर टी हिगिन्स घेतला होता, आणि पहिल्याच वर्षी त्याने ९०८ यार्ड मिळवले. मग पाचवा नंबर रिसीव्हरवर कशाला घालवायचा? टॅकल म्हणून खेळू शकेल असा इतका मोठा, इतका चपळ माणूस मात्र सहज सापडत नाही.

आणि तिसरा मुद्दा कुणी मोठ्याने बोलत नसलं तरी होता: भीती. ज्यांनी घरच्या पोराला गाडीवरून जाताना पाहिलं होतं, त्यांना ते पुन्हा बघायचं नव्हतं.

तलवारवाल्यांचं म्हणणं

तलवारवाल्यांचं उत्तर जरा समजून घ्यावं लागतं, कारण ते वरवर उलटं वाटतं.

ते म्हणत, सॅक फक्त भिंतीमुळे होत नाही. क्वार्टरबॅक चेंडू किती वेळ हातात धरतो, यावरही ते ठरतं. झेलायला कुणी मोकळंच नसेल, तर तो वाट बघत बसतो आणि मार खातो. एक माणूस पटकन मोकळा होणारा असेल, तर चेंडू लवकर सुटतो. म्हणजे चांगला रिसीव्हर हीसुद्धा एक प्रकारची ढाल.

दुसरं, भिंत ही साखळी आहे. पाच कड्यांपैकी एक कडी पोलादाची केली, तर समोरचा संघ आपला सर्वोत्तम माणूस कच्च्या कडीवर पाठवतो. एक टॅकल घेऊन भिंत दुरुस्त होत नाही. पाचही जागा निदान बऱ्या असाव्या लागतात. रिसीव्हरचं तसं नसतं. एकटा रिसीव्हर एका झेलात सामना फिरवू शकतो, आणि त्याला रोखायला समोरच्यांना दोन माणसं लावावी लागतात, त्यामुळे बाकीचे मोकळे होतात.

तिसरं, मार्चमध्ये संघाने रायली रीफ हा अनुभवी टॅकल बाजारातून घेतला होता. दुसऱ्या टोकाला २०१९ च्या पहिल्या फेरीतला जोना विल्यम्स होताच. उलट जुना मोठा रिसीव्हर ए. जे. ग्रीन संघ सोडून गेला होता. आणि बरो-चेस यांची नजरानजर कॉलेजातच जुळलेली होती.

दोन्ही बाजू वाचल्यावर तुम्हाला दोन्ही पटल्या असतील, तर तुमचं काही चुकत नाही. दोन्ही बाजूंना पटण्याजोगं काही नसतं, तर हा वाद चार महिने टिकलाच नसता.

मग काय झालं

२९ एप्रिल २०२१. ड्राफ्ट क्लीव्हलंडला होता, म्हणजे ओहायोतच. बेंगल्सनी चेसचं नाव घेतलं. दोन नंबर पुढे, सातव्या क्रमांकावर, डेट्रॉइट लायन्सनी सूअलला उचललं.

ऑगस्टमधल्या सरावसामन्यांत चेसच्या हातून सोपे पास सुटले. ढालवाल्यांनी मान हलवली. सप्टेंबरमध्ये खरा मोसम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात त्याने १०१ यार्ड आणि एक टचडाउन केलं. २ जानेवारी २०२२ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने एका सामन्यात २६६ यार्ड मिळवले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी तो विक्रम होता. मोसमाअखेर १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवा खेळाडू हा मान.

१५ जानेवारीला बेंगल्सनी बाद फेरीतला सामना जिंकला. ३१ वर्षांनी. मग टेनेसीला हरवलं, मग अर्ध्या वाटेपर्यंत पिछाडीवर असूनही कॅन्सस सिटीला त्यांच्याच मैदानावर हरवलं, आणि संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात पोचला.

म्हणजे तलवारवाले जिंकले? थांबा. त्याच मोसमात बरोला ५१ वेळा सॅक केलं गेलं, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात नऊ वेळा. तो सामना ते १९-१६ असा जिंकले, तोही शेवटच्या क्षणी इव्हन मॅकफर्सनने ५२ यार्डांवरून मारलेल्या किकमुळे. हा मॅकफर्सन त्याच ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत, १४९ व्या नंबरवर घेतलेला. आधी ढाल की आधी तलवार यावर घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किकरचं नाव कितीजणांच्या तोंडी असणार? बाद फेरीत त्याने चौदापैकी चौदा फील्ड गोल मारले.

आता १३ फेब्रुवारी २०२२. लॉस अँजेलिस रॅम्सविरुद्ध सुपर बोल. या सामन्यात बरोला सात वेळा सॅक केलं गेलं. शेवटचं एक मिनिटही उरलं नव्हतं, बेंगल्स २०-२३ असे मागे, आणि शेवटची संधी. बरोने चेंडू घेतला. पलीकडे चेसने आपल्यावर ठेवलेल्या जेलन रॅम्झीला मागे टाकलं होतं. तो मोकळा धावत होता. पण त्याच्याकडे बघायला बरोला वेळच मिळाला नाही. ॲरन डोनाल्ड नावाचा रॅम्सचा राक्षसी बचावपटू भिंत फोडून आत आला, त्याने बरोला धरून गरकन फिरवलं, चेंडू कसाबसा सुटला आणि जमिनीवर पडला. सामना संपला.

चार महिने चाललेला सगळा वाद या एका डावात सामावला आहे. तलवार उगारलेली होती. ती चालवायला ढालीने वेळ दिला नाही.

दोघांचं खरं कसं

ढालवाले म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. तलवारवाले म्हणाले, चेस नसता तर तुम्ही सुपर बोलपर्यंत पोचला असता का? दोघांचं खरं वाटतं, कारण दोघेही निकालाचा सोयीचा तुकडा हातात घेऊन बोलतात.

जरा बारकाईने बघू. डोनाल्ड आला कुठून? तो खेळायचा भिंतीच्या मधल्या भागासमोर. शेवटच्या डावात त्याने हरवलं ते गार्डला, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूच्या माणसाला. सूअल संघात असता, तरी तो टोकाला उभा असता. त्या डावात डोनाल्डच्या वाटेत तो नसताच. पण दुसरी बाजूही आहे. मार्चमध्ये घेतलेला रीफ डिसेंबरात जायबंदी झाला होता, आणि सुपर बोलमध्ये उजव्या टोकाला बदली खेळाडू उभा होता. तिथे सूअल असता तर कदाचित फरक पडला असता.

मग खरी अडचण कुठे होती? माझ्या मते पाचव्या नंबरवर नव्हती. ती दुसऱ्या फेरीत होती.

एक हिशेब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी घेतो आहे, खरे नाहीत. समजा, पाचव्या नंबरवरचा टॅकल ९५ गुणांचा आणि रिसीव्हरही ९५ गुणांचा. आता दुसऱ्या फेरीत जे उरतील ते बघा. समजा तिथे भिंतीचा माणूस ८५ गुणांचा मिळतो आणि रिसीव्हर ६५ चा. मग आधी रिसीव्हर घेतला तर बेरीज १८०, आधी टॅकल घेतला तर १६०. आता आकडे उलटे करा. दुसऱ्या फेरीत रिसीव्हर ८५ चा आणि भिंतीचा माणूस ६५ चा असेल, तर आधी टॅकल घेणंच शहाणपणाचं. पहिल्या दोघांचे गुण आपण बदललेच नाहीत, तरी उत्तर बदललं. म्हणजे पाचव्या नंबरचं उत्तर पाचव्या नंबरवर नसतं; ते पुढच्या नंबरवर काय उरेल यावर असतं.

बेंगल्सचा अंदाज असा दिसतो की भिंतीची माणसं त्या वर्षी दुसऱ्या फेरीतही मिळतील. अंदाज वाईट नव्हता. दुसऱ्या फेरीत त्यांचा नंबर ३८ वा होता. तो त्यांनी न्यू इंग्लंडला दिला, आठ जागा मागे ४६ वर आले, आणि बदल्यात चौथ्या फेरीतले दोन नंबर मिळवले. मधल्या काळात भिंतीचे तीन जण दुसऱ्या संघांनी उचलले. ४६ वर बेंगल्सनी जॅक्सन कार्मनला घेतलं. कार्मनला पहिल्या संघात कायमची जागा मिळवता आली नाही. आणि त्याच फेरीत ६३ व्या नंबरवर कॅन्सस सिटीने क्रीड हम्फ्री हा सेंटर घेतला, जो पुढे लीगमधल्या सर्वोत्तमांत गणला गेला.

म्हणजे भिंतीची चांगली माणसं दुसऱ्या फेरीत होती, हा तलवारवाल्यांचा हिशेब बरोबर होता. पण त्यातला नेमका माणूस उचलता आला नाही. तलवार आधी घेतली म्हणून भिंत पडली नाही. नंतर भिंतीसाठी जो दगड निवडला तो टिकला नाही. चार महिने सगळे पाचव्या नंबरवर भांडत होते; उत्तर ४६ व्या नंबरवर बसलं होतं.

अर्थात, नेमका माणूस ओळखणं कुणालाच सोपं नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी ड्राफ्टचा खोलात अभ्यास केला. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी तपासलं की एखाद्या जागेसाठी निवडलेला खेळाडू हा त्याच जागेसाठी त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती. उत्तर आलं सुमारे ५२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. टॉम ब्रेडी हा इतिहासातला सर्वात यशस्वी क्वार्टरबॅक. तो २००० साली १९९ व्या नंबरवर निवडला गेला होता. म्हणून हे संशोधक सांगतात की वरच्या नंबरांची किंमत संघ फाजील लावतात. एका मोठ्या नंबरापेक्षा दोन मध्यम नंबर बहुधा जास्त देऊन जातात. त्या दृष्टीने बेंगल्सचं ३८ वरून ४६ वर येणंही अगदी तर्कशुद्ध होतं. तर्क बरोबर, माणूस चुकला. असंही होतं.

डेट्रॉइटकडेही एक नजर

सूअलचं काय झालं? डेट्रॉइटनेही दशकानुदशकं सोसलं होतं. त्याच्या पहिल्या वर्षी संघ फक्त तीन सामने जिंकला. तेव्हा कुणी म्हणालं असतं, "बघा, टॅकल घेऊन काय मिळालं?" पण लायन्सनी भिंतीवर काम चालू ठेवलं. सूअल तिथे उजव्या टोकाला खेळू लागला, कारण डावीकडे टेलर डेकर आधीपासून होता. म्हणजे साखळीत बाकीच्या कड्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनी ३२ वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला आणि उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. पुढच्या मोसमात १७ पैकी १५ सामने जिंकले. सूअल लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

तिकडे चेसने २०२४ च्या मोसमात १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन केले. तिन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला. आणि तरीही त्या वर्षी बेंगल्स बाद फेरीत पोचले नाहीत. सुपर बोल हरल्यानंतर त्यांनी २०२२ मध्ये भिंतीसाठी तीन अनुभवी माणसं विकत घेतली, २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउन घेतला, २०२४ च्या पहिल्या फेरीत टॅकल घेतला. म्हणजे ड्राफ्टमधून स्वस्तात जे बसलं नाही, ते बाजारभावाने बसवत राहावं लागलं. ड्राफ्टमधला चुकलेला नंबर असा महागात पडतो. नंबर वाया जातो आणि वर पैसेही जातात.

तीन प्रश्न

तेव्हा मंडळी, "कुठली जागा सगळ्यात महत्त्वाची?" हा प्रश्न कुणी विचारला, की मी आता तीन प्रश्न उलट विचारतो.

पहिला: आज हा घेतला नाही, तर याच जागेसाठी पुढच्या नंबरवर जो मिळेल, तो याच्यापेक्षा किती कमी असेल? जिथे ही दरी मोठी, ती जागा आधी.

दुसरा: ही गरज दुसऱ्या दाराने भागते का, आणि कितीला? बाजारात बरा माणूस परवडणाऱ्या भावात मिळत असेल, तर मोलाचा नंबर तिथे खर्च करू नये.

तिसरा: ही जागा एकट्याने फरक पाडणारी आहे की साखळीतली कडी? कडी असेल, तर एकच कडी घेऊन थांबायचं नाही. साखळी पुरी करायची तयारी असेल, तरच हात घालावा.

हे तीन प्रश्न विचारले की भांडण मिटत नाही, पण नीट होतं. समोरचा भित्रा आहे किंवा हावरट आहे असं वाटणं थांबतं. आपल्याला कळतं की दोघांनाही तेच हवं आहे. फक्त पुढच्या नंबरवर काय उरेल, याचा अंदाज दोघांचा वेगळा आहे. सिनसिनाटीत ढाल मागणाऱ्याला बरोचा गुडघा वाचवायचा होता, तलवार मागणाऱ्याला बरोचं आयुष्यातलं उमेदीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. दोघांचा जीव एकाच पोरावर होता.

आणि एक पथ्य. निकाल लागल्यावर निर्णयाला नावं ठेवताना, निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच धरून ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये रीफ जायबंदी होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, चेस इतका मोठा होणार हेही नाही.

पुढच्या आयपीएल लिलावाच्या वेळी घरात वाद पेटला, की हे तीन प्रश्न टाकून बघा. "आधी बोलर" म्हणणाऱ्या काकांना विचारा, "काका, हा गेला तर मागे कोण उरतोय?" काका क्षणभर गप्प होतील. मग दुप्पट आवाजात बोलू लागतील. पण आता ते मुद्द्यावर बोलत असतील.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.